ताऱ्याला लागणारे ग्रहण

सूर्याला ग्रहण लागते, चंद्राला लागते, तसे ताऱ्यालाही लागते. त्याचा स्पर्श आणि मोक्ष मात्र पंचांगात दिलेला नसतो, आणि त्यासाठी घरातले भरून ठेवलेले पाणीही कोणी ओतून देत नाही. ययाती तारकासमूहात अल्गॉल नावाचा एक तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद व्हायला लागतो. पाचेक तासांत आपला दोन-तृतीयांशाहून जास्त उजेड गमावतो आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे बघायला दुर्बीण लागत नाही. रात्रीची लाईट आली म्हणून गव्हाला नाहीतर हरभऱ्याला दारे धरायला बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या शिवारात गेलेल्या माणसालाही ते दिसते. कोणत्या ताऱ्याकडे बघायचे एवढे ठाऊक हवे.

बघायचे कशासाठी, तेही आधी सांगतो. ताऱ्याचे तापमान त्याच्या रंगावरून कळते. त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते वर्णपटावरून कळते. पण एकट्या ताऱ्याचे वस्तुमान, त्याच्याकडे जन्मभर टक लावून बसले तरी, सरळ मोजता येत नाही. त्यासाठी त्याच्याभोवती फिरणारे दुसरे काहीतरी लागते. आकाराचेही तेच. भल्या मोठ्या दुर्बिणीतही बहुतेक तारे नुसते ठिपके दिसतात, मग त्यांचा व्यास मोजायचा कुठून? एकमेकांना ग्रहण लावणारी ताऱ्यांची जोडी ही दोन्ही उत्तरे देते. अमुक रंगाचा तारा सूर्याच्या इतके पट जड आणि तितके पट मोठा, असे तक्ते पुस्तकांत असतात. त्यांचा पाया बहुतांशी अशा जोड्यांच्या मोजमापांचा आहे. तो हिशेब कसा करतात ते इथे अल्गॉल धरूनच बघू. गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे गणित त्यात नाही, फक्त एकदा वर्ग आणि एकदा घन करावा लागेल.

आधी तारा शोधू. गेवराईचे अक्षांश सव्वाएकोणीस अंशांच्या आसपास, म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर. गावातले आणि महामार्गावरचे दिवे टाळून गोदावरीच्या अंगाला राक्षसभुवनकडे किंवा पैठणच्या उजव्या कालव्याच्या बाजूला थोडे आत गेले की आकाश बरे मिळते. दिवाळीच्या सुमारास मध्यरात्री, डिसेंबरात रात्री दहाला आणि जानेवारीत आठ वाजता उत्तरेकडे तोंड करून मान बरीच वर करावी. शर्मिष्ठेचा ‘एम’ एका बाजूला आणि कृत्तिकांचा पुंजका दुसऱ्या बाजूला, यांच्या मधल्या पट्ट्यात ययाती असतो. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे मिरफाक. त्याच्या दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर जो ठळक तारा, तो अल्गॉल. आपल्याकडे तो क्षितिजापासून ६८ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. युरोपातल्या निरीक्षकांना हिवाळ्यात ढग आणि बर्फाशी झगडावे लागते. आपल्याला अंगावर घोंगडी असली की झाले.

आता त्याचा उजेड मोजायचा, पण नुसत्या डोळ्याने. ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात आणि ही मोजणी उलटी चालते: आकडा लहान तितका तारा तेजस्वी. अल्गॉल नेहमी २.१ प्रतीचा असतो. देवयानीच्या रांगेतला ययातीकडच्या टोकाचा तारा, अलमाक, नेमका २.१ प्रतीचा आहे. एरवी हे दोघे सारखे दिसतात. ग्रहणाच्या मध्यावर अल्गॉल ३.४ पर्यंत उतरतो, आणि शेजारच्या त्रिकोण या छोट्या समूहाच्या टोकाचा तारा तेवढ्याच प्रतीचा आहे. मधल्या पायरीसाठी ययातीतलेच एप्सिलॉन आणि डेल्टा हे तारे घ्यावेत, ते अनुक्रमे २.९ आणि ३.० प्रतीचे आहेत. दर अर्ध्या तासाने वहीत एवढेच लिहायचे: अमुक वाजता अल्गॉल याच्यापेक्षा ठळक, त्याच्यापेक्षा फिका. क्षितिजाजवळ हवेमुळे सगळेच तारे मंद दिसतात, म्हणून तुलनेचा तारा साधारण त्याच उंचीवरचा धरावा. मोबाइलच्या पडद्याकडे बघून लगेच वर बघू नये, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो.

पहिल्याच रात्री ग्रहण हाती लागेल असे नाही. पण एकदा सापडले की पुढची आपल्यालाच सांगता येतात. समजा मंगळवारी पहाटे दोनला तो सर्वांत मंद होता. त्यात २ दिवस २० तास ४९ मिनिटे मिळवा: गुरुवारी रात्री १० वाजून ४९ मिनिटे. पुन्हा मिळवा: रविवारी संध्याकाळी ७ वाजून ३८ मिनिटे. त्याच्या पुढचे बुधवारी दुपारी साडेचारच्या आत येते, म्हणजे उन्हात वाया जाते. मग काही ग्रहणे दिवसा होतात आणि सात फेऱ्यांनंतर, वीस दिवसांनी, वेळ पुन्हा पहाटे पावणेचारला येते. असे गट पडत जातात. या हिशेबाला घड्याळ आणि कागद पुरतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क गावी जॉन गुडरिक या तरुणाने हेच केले. तो जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून बहिरा होता. १७८२ च्या नोव्हेंबरात अल्गॉल एकाएकी मंद झालेला त्याने पाहिला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अल्गॉलचे तेज बदलते हे त्याच्या शंभरेक वर्षे आधी इटलीतल्या मोंतानारीने नोंदवले होते, पण ते ठरावीक काळाने बदलते हे गुडरिकने दाखवले. शेजारी राहणारा एडवर्ड पिगॉट त्याच्या जोडीला होता. १७८३ च्या मे महिन्यात गुडरिकचे टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. त्याने दोन शक्यता मांडल्या होत्या: एखादे काळे, मोठे पिंड ताऱ्याभोवती फिरत असेल आणि आड येत असेल, किंवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असतील. त्याच वर्षी त्याला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. आपल्याकडे तेव्हा राक्षसभुवनच्या लढाईला वीस वर्षे होत आली होती. माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवले ते १७६३ च्या ऑगस्टात, आणि गुडरिकचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो वारला. त्याची पहिली शक्यता खरी ठरायला मात्र शंभर वर्षे गेली. १८८९ मध्ये जर्मनीत पॉट्सडामला फोगेलने वर्णपटावरून दाखवून दिले की अल्गॉल खरोखरच कोणाभोवती तरी फिरतो आहे.

मग सगळ्याच जोडताऱ्यांना ग्रहण का लागत नाही? नागपंचमीला दोघीजणी फुगडी घालतात. तुम्ही त्यांच्यासमोर अंगणात उभे असाल तर दर फेरीत दोनदा एकीच्या आड दुसरी येते. माळवदावर चढून खाली बघाल तर कोणीच कोणाच्या आड येत नाही, दोघी गरगर फिरताना दिसत राहतात. ताऱ्यांच्या जोडीचेही तसेच आहे. तिची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत जवळपास कडेने असेल तरच ग्रहण होते. यात ताऱ्यांचा गुण काहीच नाही, आपण कुठे उभे आहोत त्याचा हा योग. चित्रा हा तारा आपल्याला पंचांगामुळे परिचयाचा. तोही चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडीच आहे, पण तिची कक्षा आपल्याकडे बरीच कललेली असल्यामुळे ग्रहण होत नाही. तारे एकमेकांना जितके जवळ तितका आड येण्याचा संभव अधिक, म्हणून माहीत असलेल्या ग्रहणकारी जोड्यांत भराभर फिरणाऱ्या, चिकटून असलेल्या जोड्यांचीच गर्दी आहे.

आता वहीतल्या नोंदींचा आलेख काढू: आडवी वेळ, उभे तेज. याला प्रकाशवक्र म्हणतात. अल्गॉलचा वक्र बराच वेळ सपाट चालतो, मग एक खोल खड्डा पडतो, पुन्हा सपाट. बारकाईने मोजले तर दोन खोल खड्ड्यांच्या बरोबर मध्ये एक अगदी उथळ खड्डाही असतो. तो डोळ्याला कळत नाही. १९१० मध्ये अमेरिकेत जोएल स्टेबिन्सने सेलेनियमच्या विद्युतघटाने तो पकडला. म्हणजे दर फेरीत ग्रहणे दोन, एक ठळक आणि एक नावापुरते.

इथे पुष्कळांची गफलत होते. खोल खड्डा पडला म्हणजे मोठा तारा झाकला गेला, असे वाटते. तसे नाही. कक्षा गोल असेल तर दोन्ही ग्रहणांत तेवढाच भाग झाकला जातो, कारण दोन चकत्या एकमेकींवर जितक्या येतात तितक्या येतात, पुढे कोणती आणि मागे कोणती याने त्यात फरक पडत नाही. मग खड्ड्यांची खोली वेगळी का? झाकल्या गेलेल्या पृष्ठभागाच्या दर चौरस किलोमीटरमधून किती उजेड निघत होता, त्यावर ती ठरते. खोल खड्डा म्हणजे गरम तारा मागे गेला. उथळ म्हणजे थंड तारा मागे गेला. खोल्यांच्या गुणोत्तरातून तापमानांचे गुणोत्तर निघते. अल्गॉलमध्ये निळसर पांढऱ्या ताऱ्याचे तापमान सुमारे साडेबारा हजार केल्विन आणि नारिंगी सोबत्याचे पाच हजारांच्या थोडे आत. गंमत अशी, की आकाराने तो थंड सोबतीच मोठा आहे.

खड्ड्याचा आकारही बोलका असतो. बुडाशी सपाट असेल तर एक तारा पूर्ण झाकला गेला किंवा दुसऱ्याच्या चकतीवर पूर्ण मावला. अल्गॉलचा खड्डा टोकदार आहे, म्हणजे ग्रहण खंडग्रास. सपाट बुडाच्या जोड्या अभ्यासकांना जास्त आवडतात, कारण त्यांत कक्षेचा कल आणि त्रिज्या यांची एकमेकांत सरमिसळ होत नाही. टोकदार खड्ड्यात तोच आलेख थोड्या मोठ्या ताऱ्यांनी आणि जास्त कललेल्या कक्षेने, किंवा लहान ताऱ्यांनी आणि कमी कललेल्या कक्षेने निघू शकतो. या गुंत्यातून वाट काढायची रीत प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेलने १९१२ मध्ये घालून दिली. संगणकाच्या काळात, १९७१ मध्ये, विल्सन आणि डेव्हिनी यांनी ताऱ्यांचा चेपलेला, फुगलेला आकार धरून हिशेब करणारी पद्धत आणली. ती सुधारत सुधारत आजही वापरतात.

नुसत्या प्रकाशवक्रातून मात्र सगळी गुणोत्तरेच मिळतात. हा तारा कक्षेच्या इतक्या टक्के मोठा, तो तितक्या टक्के. किलोमीटर येत नाहीत. किलोमीटर आणायचे तर वेग हवा, आणि वेग वर्णपटातून येतो. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. किती सरकल्या त्यावरून सेकंदाला किती किलोमीटर ते कळते. अल्गॉलच्या तेजस्वी ताऱ्याच्या रेषा सहज दिसतात. सोबत्याचा उजेड इतका कमी, की त्याच्या रेषा शेजाऱ्याच्या झगझगाटात बुडून जातात. १९७८ मध्ये टॉमकिन आणि लॅम्बर्ट यांनी त्या सोडवून काढल्या, तोवर अल्गॉलच्या वजनात बराच अंदाजाचा भाग होता.

आता हिशेब. तेजस्वी तारा आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर वेगाने फिरतो, सोबती सुमारे १९५ किलोमीटर वेगाने. फुगडीतली हलकी पोर मोठा गोल घेते आणि जास्त वेगाने जाते, जड बाई जवळजवळ जागच्या जागी फिरते, तसेच हे. म्हणजे वेगांचे गुणोत्तर उलटे केले की वजनांचे गुणोत्तर मिळते: १९५ ला ४४, जवळजवळ साडेचारास एक.

दोघांच्या वेगांची बेरीज २३९. एका फेरीचा काळ सेकंदांत २,४७,७३६. गुणाकार केला की सुमारे ५ कोटी ९२ लाख किलोमीटर. दोघांमधले अंतर ही त्रिज्या धरली तर त्या वर्तुळाचा हा परीघ. त्याला ६.२८ ने भागले की ९४ लाखांच्या थोडे वर. कक्षा अगदी कडेने नसून किंचित कललेली आहे, त्याची दुरुस्ती केली की अंतर सुमारे ९५ लाख किलोमीटर येते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले अंतर जवळपास १५ कोटी किलोमीटर. त्याच्या तुलनेत हे ०.०६४ पट, म्हणजे बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्या एक-षष्ठांश.

इथे केप्लरचा तिसरा नियम लागतो. अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या मापात आणि काळ वर्षांत घेतला, तर अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग बरोबर दोघांचे मिळून वस्तुमान, सूर्याच्या मापात. अल्गॉलचा काळ २.८६७ दिवस म्हणजे ०.००७८५ वर्ष, त्याचा वर्ग ०.००००६१६. अंतराचा घन ०.०००२६. भागाकार ४.२. म्हणजे दोघे मिळून ४.२ सूर्यांइतके जड. साडेचारास एक अशी वाटणी केली की तेजस्वी ताऱ्याला ३.४ आणि सोबत्याला ०.८ च्या थोडे आत. झाले वजन. नव्वदेक प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचे वजन आपण गुणाकार-भागाकाराने केले, आणि त्यात ताऱ्याचे अंतर कुठेही लागले नाही हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आकारही आता ढोबळमानाने निघतो. ग्रहण साधारण दहा तास चालते, म्हणजे ३६,००० सेकंद. त्याला २३९ ने गुणा: ८६ लाख किलोमीटर. कडेला कड लागल्यापासून कड सुटेपर्यंत दोन्ही ताऱ्यांच्या व्यासांच्या बेरजेएवढे अंतर कापावे लागते. सविस्तर हिशेबातून तेजस्वी ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या २.९ पट आणि सोबत्याची ३.४ पट येते. त्यांचे व्यास किलोमीटरमध्ये मांडून बेरीज केली तर ८८ लाखांच्या जवळ जाते. नुसत्या घड्याळाने दिलेले उत्तर इतके जवळ यावे, हे मला या विषयातले सर्वांत समाधानाचे वाटते.

पण या आकड्यांतच एक न पटणारी गोष्ट आहे. जड तारा आपले इंधन भराभर जाळतो आणि आधी म्हातारा होतो, हा ताऱ्यांच्या आयुष्याचा पक्का नियम. अल्गॉलमध्ये ३.४ सूर्यांचा तारा अजून तारुण्यात आणि पाऊण सूर्याचा सोबती म्हातारपणी फुगतो तसा फुगलेला. दोघे जन्मले एकाच वेळी, मग धाकट्याचे केस आधी कसे पिकले? उत्तर १९५५ मध्ये क्रॉफर्डने सुचवले. आज हलका असलेला तारा मुळात जड होता. तो रीतीप्रमाणे आधी म्हातारा झाला, फुगला, आणि फुगता फुगता अशा हद्दीपर्यंत आला की तिच्या पलीकडच्या वायूवर त्याच्यापेक्षा शेजाऱ्याची ओढ जास्त. मग त्याचा वायू शेजाऱ्याकडे वाहू लागला. एकाचे वस्तुमान घटत गेले, दुसऱ्याचे वाढत गेले, आणि धाकटा थोरला झाला. वजनाचा आकडा हाती आला नसता तर हा व्यवहार उघड झालाच नसता.

गेवराईच्या माणसाने या अभ्यासासाठी पुण्या-मुंबईकडे बघण्याआधी हैदराबादकडे बघायला हवे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाची स्वतःची वेधशाळा होती. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी ती उभारायला घेतली. त्यांच्यानंतर १९०८ मध्ये ती संस्थानी सरकारकडे गेली आणि पुढे बेगमपेठेत नांदली. निजामिया वेधशाळा ती हीच. सगळ्या आकाशाचा छायाचित्रांतून नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिच्याकडे आकाशाचे दोन पट्टे होते, आणि लाखो ताऱ्यांची स्थाने तिथे मोजली गेली. १५ इंची दुर्बिणीतून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदीही व्हायच्या. १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले ते १९५८ मध्ये. तोवर मराठवाड्यासाठी विद्यापीठ म्हणजे उस्मानियाच.

१९६८ मध्ये उस्मानियाने हैदराबादबाहेर जपाल आणि रंगापूर या गावांजवळ ४८ इंची दुर्बीण बसवली. त्या दुर्बिणीच्या कामाचा मोठा हिस्सा ग्रहणकारी जोड्यांचा होता. कृष्ण दामोदर अभ्यंकर यांनी तिथे विद्यार्थ्यांची फळी उभी केली, एम. बी. के. शर्मा यांच्यासारखे सहकारी रात्रीमागून रात्री प्रकाशविद्युत यंत्राने एकेका जोडीचा प्रकाशवक्र मोजत राहिले. त्यांच्या आवडीचा एक वर्ग होता शामशबल समूहातल्या ‘आरएस’ ताऱ्यासारख्या जोड्यांचा. आरएस ही जोडी ४.८ दिवसांत फेरी घेते. तिच्या प्रकाशवक्राचा दोन ग्रहणांमधला भाग सपाट नसतो, त्यात एक हलकी लाट असते आणि ती लाट वर्षानुवर्षे सरकत जाते. कारण थंड ताऱ्यावर प्रचंड डाग आहेत, आपल्या सूर्यावरच्या डागांच्या कितीतरी पट मोठे. गुडरिकची बाजूला पडलेली दुसरी शक्यता इथे अशी कामाला आली. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण याच रंगापूरवरून गेले. ताऱ्यांची ग्रहणे मोजणाऱ्यांच्या अंगणात सूर्यग्रहण चालून आले म्हणायचे.

सगळ्या जोड्या अल्गॉलसारख्या सरळ नसतात. अभिजितजवळ स्वरमंडलात बीटा नावाचा तारा आहे, तोही गुडरिकनेच १७८४ मध्ये हेरला. तो ३.३ पासून ४.४ प्रतीपर्यंत तेरा दिवसांत वरखाली होतो आणि त्याचा आलेख कुठेच सपाट नाही, कारण जोडीतला एक तारा दुसऱ्याच्या ओढीने अंडाकृती झालेला आहे. त्यांच्यातली देवाणघेवाण इतकी जोरात आहे की फेरीचा काळ दर वर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. हा तारा संध्याकाळी डोक्यावर असतो तो श्रावण-भाद्रपदात, म्हणजे गेवराईत ढग असतात आणि पाऊस असेलच असे नाही, अशा दिवसांत. ऑक्टोबरात पश्चिमेकडे कलल्यावर तो गाठावा. सप्तर्षींकडच्या एका जोडीत तर दोन्ही ताऱ्यांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले आहेत आणि आठ तासांत फेरी पुरी होते.

आठ तास कमी वाटत असतील तर पुढचे ऐका. कुरुंदवाडला १९५६ मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेत कॅलटेकमध्ये आहेत. पालोमार पर्वतावरच्या ४८ इंची दुर्बिणीला अवाढव्य कॅमेरा लावून आकाश पुन्हा पुन्हा पिंजून काढण्याचा झ्विकी नावाचा प्रकल्प त्यांनी उभारला. रंगापूरला एक रात्र एका जोडीसाठी जायची. इथे एका झडपेत पौर्णिमेच्या दोनशेहून जास्त चंद्रांइतके आकाश टिपले जाते. २०१९ मध्ये केविन बर्ज या त्यांच्या चमूतल्या विद्यार्थ्याने त्या ढिगातून एक जोडी काढली. मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले दोन गाभे, म्हणजे श्वेतबटू, ६.९१ मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात आणि एकमेकांना ग्रहण लावतात. एक सूर्याच्या ०.६१ पट जड, दुसरा ०.२१ पट, आणि सगळी जोडी शनी ग्रहाच्या पोटात मावेल एवढी. राक्षसभुवनला ज्याला तेल वाहतात त्याच शनीच्या.

या जोडीचा काळ कमी होतो आहे, वर्षाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. इतका फरक कळतो कसा? फेऱ्या मोजून. दहा वर्षांत साडेसात लाखांवर फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीतली चोरी साठत जाऊन दहाव्या वर्षाअखेर ग्रहण ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी लागते. ही ऊर्जा गुरुत्वीय लहरींवाटे बाहेर जाते आहे. त्या लहरी टिपणारे ‘लिसा’ हे युरोपीय यान २०३० नंतरच्या दशकात सोडायची तयारी चालू आहे, आणि या जोडीचा सूर त्याला नक्की ऐकू येईल अशा यादीत तिचे नाव वर आहे.

जोड्यांचा आणखी एक उपयोग अंतर मोजायचा. त्रिज्या किलोमीटरमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये कळले की ताऱ्याचा खरा उजेड कळतो, आणि तो इथून किती मंद दिसतो यावरून तो किती दूर ते निघते. २०१९ मध्ये पोलंडच्या पीएट्रझिन्स्की यांच्या गटाने मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या वीस जोड्या वापरून त्याचे अंतर एक टक्क्याच्या अचूकतेने काढले, सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे. विश्व किती वेगाने पसरते या वादातल्या मोजमापांची पहिली पायरी तिथे टेकलेली आहे. ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या गाया यानाच्या २०२२ च्या यादीत अशा जोड्यांचे जवळपास २२ लाख उमेदवार आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे माणसाने एकदाही नीट बघितलेले नाही.

नुसत्या डोळ्यांनी बघायचे एक मोठे ग्रहण मात्र पुढे आहे. सारथी समूहात ब्रह्महृदयाच्या अगदी जवळ तीन लहान ताऱ्यांचा त्रिकोण दिसतो. त्यातला एप्सिलॉन दर २७ वर्षांनी मंदावतो आणि जवळजवळ दोन वर्षे तसाच राहतो. आड येतो तो तारा नाही, न दिसणाऱ्या एका ताऱ्याभोवतीची धुळीची भली मोठी काळी तबकडी. मागच्या ग्रहणात, २००९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणींच्या जोडणीने ती तबकडी ताऱ्यावर सरकताना प्रत्यक्ष टिपली. पुढचे ग्रहण २०३६ मध्ये सुरू व्हायचे आहे. एप्सिलॉन एरवी ३ प्रतीच्या आसपास असतो आणि ग्रहणात ३.८ पर्यंत उतरतो. त्याच त्रिकोणातला ईटा ३.२ प्रतीचा आहे आणि झीटा ३.७ प्रतीचा, पण झीटा स्वतःच दर ९७२ दिवसांनी ग्रहणात सापडतो, म्हणून तुलनेसाठी ईटा धरावा. आणि आताच वही घालावी, कारण ग्रहण नसतानाही एप्सिलॉनचे तेज थोडे इकडेतिकडे होत असते. ते किती होते हे आधी माहीत नसेल तर २०३६ मध्ये ग्रहण नेमके कोणत्या रात्री लागले ते ठरवता येणार नाही.